तू नुसतं ऐक ना

कादंबरीतली लिली लग्न होऊन सासरच्या गावी येते आणि मग मैत्रिणीच्या, स्नो फ्लावरच्या, माहेरी पहिल्यांदाच पाऊल टाकते. लहानपणापासून ज्या घराबद्दल मनात चित्रं रंगवलेली, मोठं घराणं, शिकलेली माणसं, रेशमी पडदे, ते घर समोर असतं आणि आत काही म्हणजे काहीच नसतं. सामान विकून झालेलं, बाप अफूच्या पायी सगळं घालवून बसलेला. तेव्हा लिलीला उलगडा होतो की स्नो फ्लावर जे सुंदर कपडे घालून आपल्याकडे यायची ते आईचे जुने, आंदणातले कपडे उसवून परत शिवलेले होते. आणि इतकी वर्षं ती आपल्याकडे येऊन चूल, झाडलोट, धुणं हे सगळं लक्ष देऊन बघायची ते हौस म्हणून नाही, तिला ते शिकवणारं घरी कुणी नव्हतं आणि पुढं आपल्याला हेच करायचंय हे तिला आधीच माहीत होतं. एका खाटकाशी तिचं लग्न ठरलेलं असतं, तिथल्या समाजात हा हलका धंदा.

इथं मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट, तीन रात्री जागायचं होतं म्हणून फोनवर वाचायला घेतलेली ही कादंबरी, लिसा सी यांची 'स्नो फ्लावर अँड द सीक्रेट फॅन', २००५ साली आलेली. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथून पुढं वाचू नका, कारण मी शेवट सांगणार आहे, तो सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही.

गोष्ट घडते चीनच्या हुनान प्रांताच्या दक्षिण टोकाला, आज जिआंगयोंग म्हणतात त्या तालुक्यात, एकोणिसाव्या शतकात. लिलीचा जन्म १८२३ चा, आणि ती गोष्ट सांगते ती ऐंशीव्या वर्षी. शेतकऱ्याची पोर. पण तिच्या पायांची ठेवण चांगली आहे, नीट बांधले तर मोठ्या घरात पडेल असं लग्न जुळवणारी बाई सांगते आणि घराचं सगळं गणितच बदलतं. पाय बांधणं हे मी आधी कुठंतरी वाचलेलं होतं, पण 'पाय बांधायचे' एवढंच वाचणं वेगळं. चार बोटं तळव्याखाली दुमडायची, अंगठा तेवढा मोकळा, वरून लांब पट्टी आवळत न्यायची, टाच आणि चवडा एकमेकांजवळ येईस्तोवर, आणि मग त्या सहासात वर्षांच्या पोरीला उठवून चालायला लावायचं, हाडं मोडेपर्यंत. पट्टी दर काही दिवसांनी सोडायची, धुवायची, आधीपेक्षा घट्ट बांधायची. हे आई करते. लिलीची धाकटी बहीण यातच जाते, जखम चिघळते, ताप चढतो, संपलं. आणि ज्या आईनं हे केलं तिच्यावर पुस्तकात कुठंही राग राग नाही, कारण तिच्याकडं मुलीला द्यायला यापेक्षा मोठं काही नव्हतंच.

या सगळ्यात लिलीला एक गोष्ट मिळते. लाओतोंग. शब्दशः 'जुनी सारखी', म्हणजे जन्मापासूनची जोडीण म्हणा. कादंबरीत हे नातं लग्नासारखं जुळवलं जातं, दोघी मुलींचं वर्ष, जन्मदिवस, पायांचं माप, घरातला क्रम अशा आठ गोष्टी जुळल्या की करार होतो आणि तो मरेपर्यंतचा. नवरा ठरवतात दुसरी माणसं, मुलगा व्हायला हवा हे ठरवतात दुसरी माणसं, हा करार मात्र मुली स्वतःच्या हातानं लिहितात. सात वर्षांच्या लिलीकडे एक पंखा येतो, त्याच्या घडीत स्नो फ्लावरनं चार ओळी लिहिलेल्या असतात, आपण जोडी होऊ या का म्हणून. पुढं आयुष्यभर तोच पंखा दोघींमध्ये ये-जा करतो. लग्न, बाळंतपण, मरण, जे काही घडेल ते एका घडीवर.

आणि लिहायचं कशात, तर न्युशूमध्ये. म्हणजे बायकांची लिपी. ही कादंबरीकारानं रचलेली गोष्ट नाही, खरंच होती, अजूनही थोडी आहे. जिआंगयोंगमधल्या शांगजिआंगशू भागातल्या, शिआओ नदीच्या काठच्या खेड्यांमधली. नेहमीची चिनी अक्षरं चौकोनी, ही तिरकी, बारीक, लांबट, लोक तिला डासाच्या पायांसारखं लिखाण म्हणायचे. उभ्या ओळी, उजवीकडून डावीकडं. नेहमीच्या चिनी लिपीत अक्षराला अर्थ चिकटलेला असतो, इथं अक्षर म्हणजे एक उच्चार, तिथल्या गावठी बोलीतला. मुलींना शाळा नाही, पुरुषांची लिपी शिकवत नाहीत, मग आईनं लेकीला, आत्यानं भाचीला, गाणी म्हणता म्हणता हे शिकवायचं. एक दंतकथाही आहे, राजाच्या जनानखान्यात गेलेली त्या भागातली एक मुलगी, तिला माहेरी आपलं दुःख कळवायचं होतं आणि पहारेकऱ्यांना समजता कामा नये, म्हणून तिनं अक्षरं तिरकी केली आणि घरी सांगितलं की तिरक्या नजरेनं बघा आणि कानानं वाचा. खरी असो नसो, 'कानानं वाचा' हे माझ्या डोक्यातून जात नाही.

सगळीकडं हिला 'गुप्त लिपी' म्हणतात, पण अभ्यासकांचं वाचलं की वेगळंच दिसतं. पुरुषांपासून कुणी फार लपवत नव्हतं. बायका मोठ्यानं गात होत्या, पंखे, रुमाल, वह्या घरात पडलेल्या असत. पुरुषांना त्यात काय लिहिलंय ते जाणून घ्यावंसंच वाटलं नाही. मला हे गुप्ततेपेक्षा जास्त लागलं. कुलूप नसलेलं दार, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी ढकलून बघितलं नाही.

काय लिहायच्या त्या? तिथं या लिखाणाला एक शब्द आहे, 'सू खलिएन', म्हणजे आपलं दुःख, आपली दीनवाणी अवस्था सांगणं. विधवा झाले, मुलगा गेला, सासू अशी वागते, भाऊ विसरले. कुणाकडं दाद मागायची म्हणून नाही, उपाय हवा म्हणूनही नाही, कारण उपाय नव्हताच हे लिहिणारीलाही ठाऊक आणि वाचणारीलाही. दुसरी बाई ते गाऊन वाचणार, रडणार, आणि आपलं उत्तरात लिहिणार, इतकंच. आपल्याकडं जात्यावरच्या ओव्या आहेत, हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी लाखाहून जास्त गोळा केल्या, त्यात माहेर आहे, सासुरवास आहे, गडणी आहेत, ते सगळं आहे. पण ओवी पहाटेच्या अंधारात जात्याला सांगायची, ऐकणारी असेल तर असेल. इथं कागदावर एका ठरावीक बाईचं नाव असतं आणि तिनं ते ऐकायचंच असतं, हा मला केवढा मोठा फरक वाटतो.

लग्नाआधी घरात बायका जमून गायच्या आणि नवरी सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी आणि घरच्या बायका तिला एक हातानं शिवलेली वही पाठवायच्या, सानचाओशू, तिसऱ्या दिवसाची वही. तिच्याबद्दल मी पुढं बोलते.

आता मुद्द्यावर येते.

लिलीचं नशीब फळफळतं. लू घराण्यात पडते, मुलगे होतात, सासू जाते आणि ती स्वतः लेडी लू होते, तालुक्यात तिच्या शब्दाला मान. स्नो फ्लावर खाटकाच्या घरात. सासू छळते, नवरा हात उचलतो. राजसत्तेविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या धामधुमीत दोघी योगायोगानं एकत्र असतात, बंडखोर येतायत म्हणून बांधलेल्या पायांनी डोंगर चढून पळतात, सगळा हिवाळा उघड्यावर काढतात, माणसं थंडीनं मरतात, स्नो फ्लावरचा एक मुलगा जातो, आणि दुःखानं वेडा झालेला नवरा तिला मारतो. लिली हे डोळ्यांनी बघते. आणि मग ती काय करते? सल्ला देते. नवऱ्याचं ऐक. सासूला उलटून बोलू नकोस. परत दिवस राहू देत, मुलगा झाला की सगळं सुरळीत होईल. जे तिला स्वतःला लहानपणापासून शिकवलेलं तेच, शब्दाला शब्द. तिचं प्रेम कमी झालेलं नसतं हो, उलट मैत्रिणीचं भलं व्हावं म्हणून जीव तुटत असतो तिचा. पण दोघींमध्ये जी एक भाषा होती, दुःख सांगायची आणि ऐकायची, ती तिनं बाजूला ठेवली आणि सासूची भाषा बोलायला लागली.

मग एक दिवस पंख्यावर निरोप येतो. माझी दुःखं फार झालीत, तुला हवी तशी मी होऊ शकत नाही, आता माझी गाऱ्हाणी तुला ऐकावी लागणार नाहीत, तीन मानलेल्या बहिणी आहेत त्यांनी मी आहे तशी मला प्रेम द्यायचं कबूल केलंय, असा काहीसा. लिली वाचते ते असं की हिनं मला सोडून दुसऱ्या जोडल्या. करार मोडला. आणि तिचा जो संताप होतो तो वर्षानुवर्षं टिकतो, एका समारंभात चार बायकांच्या देखत ती स्नो फ्लावरची गुपितं गाण्यातून बाहेर काढते, तिची अब्रू जाते. कितीतरी वर्षांनी स्नो फ्लावर पोटातल्या गाठीनं मरायला टेकते, मुलगी बोलवायला येते, तेव्हा त्या तिघी सांगतात की अगं ती कधी आमची झालीच नाही, आम्ही फक्त तिचं ऐकून घेत होतो.

लिपी उच्चारांची, एका खुणेचे तीन अर्थ निघू शकतात, पुढचं मागचं बघून लावायचा. आपल्याला हे सहज कळेल. 'वर' म्हटलं की नवरदेव, आशीर्वाद की वरची बाजू, ते वाक्यावरून ठरतं. पण मला नाही वाटत की अक्षरांमुळं चुकलं. लिलीइतकी ती लिपी त्या तालुक्यात कुणाला येत नव्हती. ती आधीच दुखावलेली होती, माझं एवढं सांगणं हिनं ऐकलं नाही म्हणून, आणि दुखावलेल्या माणसाला तीन अर्थांतला तोच दिसतो. बरीच परीक्षणं 'गैरसमजामुळं तुटलेली मैत्री' असं लिहून मोकळी होतात. गैरसमज शेवटी झाला. तुटली ती त्या डोंगरावर, सल्ला दिला तेव्हा.

हे मी इतक्या खात्रीनं का म्हणतेय ते सांगते.

आम्ही दोघी एकाच वाड्यात वाढलो, सांगलीला. तिच्या आईला माझं पोट कधी भरलंय ते माझ्या आईच्या आधी कळायचं. गणित तिचं, निबंध माझे, परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यात बसून एकमेकींना शिकवायचो. लग्न झाल्यावर ती इचलकरंजीला गेली आणि मी पुण्याला, आधी पत्रं, मग एसटीडी, मग मोबाईल, पण दर रविवारी बोलणं म्हणजे बोलणं. सहा वर्षांपूर्वी तिच्या घरचे लूम बंद पडले, कर्ज होतं, नवरा दिवस दिवस बोलायचा नाही आणि बोलला की ओरडायचा. ती मला फोन करायची. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज रात्री. आणि मी, माझं कामच माणसांचे प्रश्न सोडवायचं, ऑफिसमध्ये लोक माझ्याकडं तेवढ्यासाठीच येतात, मी तिला मार्ग सुचवत राहिले. त्याला डॉक्टरकडं ने. तू शिवणाचे क्लास काढ. पॉझिटिव्ह राहा. थोडं अॅडजस्ट कर गं, पुरुषांना अपयश सहन होत नाही. हे मी बोललेय, माझ्या तोंडून गेलंय. लेख, व्हिडिओ, लिंका पाठवल्या. एकदा ती मध्येच म्हणाली, "तू नुसतं ऐक ना गं." मी म्हटलं, "ऐकतेच आहे की," आणि पुढचा मुद्दा सांगायला लागले.

शेवटी एकदा मी भलामोठा मेसेज लिहिला, काय काय करायला हवं ते, पहिलं, दुसरं, तिसरं असं. तिचं उत्तर आलं, "बरं."

मला वाटलं, पटलं तिला. मी खूश होऊन झोपले त्या रात्री. 'बरं' म्हणजे ठीक आहे, करते. त्या नंतर तिचा फोन आला नाही. मी केला तर मुलगा उचलायचा, आई कामात आहे. दिवाळीला शुभेच्छा पाठवली, तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मग मलाही राग आला, की मी एवढं केलं आणि ही साधी बोलत नाही. इतकी वर्षं मी तो राग घेऊन हिंडले, आणि दवाखान्याच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून रात्री दोन वाजता मला 'बरं' या शब्दाचा दुसरा अर्थ वाचता आला. आपल्या भाषेत 'बरं' म्हणजे पुरे असंही असतं. बरं, ठेवते.

नंतर मी न्युशूबद्दल मिळेल ते वाचलं. १९५० च्या दशकात झोउ शुओयी नावाच्या तिथल्याच एका माणसानं या लिपीच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली, पुढं राजकारणात त्याच्यावर उजव्या विचारांचा म्हणून शिक्का बसला आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीत पुष्कळ काही जाळलं गेलं. १९८० च्या दशकात गोंग झेबिंग या प्राध्यापकामुळं बाहेरच्या जगाला कळलं की असं काही आहे, तोवर नीट लिहिता येणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या. त्यातल्या गाओ यिनशिएन या मला फार जवळच्या वाटतात, त्या सात जणींच्या जोडलेल्या बहिणींपैकी एक, १९९० मध्ये गेल्या. यांग हुआनयी २००४ मध्ये गेल्या, त्यांना या जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांपैकी शेवटच्या मानतात. लिसा सी त्यांना भेटून आल्या होत्या कादंबरी लिहिण्याआधी. आणि हेही खरं की लिपी मेली त्याचं एक कारण चांगलं होतं, मुली शाळेत जाऊ लागल्या. २०१७ पासून तिची ३९६ अक्षरं युनिकोडमध्ये आहेत, म्हणजे आपल्या मोबाईलवर सुद्धा ती आता उमटू शकतात.

जुनं लिखाण इतकं कमी का उरलं, तर बाई गेली की तिची वही तिच्याबरोबर जाळायची किंवा पुरायची, पुढच्या जन्मी वाचायला. ज्या जोडिणीसाठी लिहिलं ती नाही, मग दुसऱ्यांनी वाचून काय करायचं. इतिहासाच्या दृष्टीनं हळहळ वाटते, पण मला ते कळतं. माझ्याकडं तिची एकशे चाळीस पत्रं आहेत, आंतर्देशीय आणि पोस्टकार्डं, ती मी माझ्या मुलीलाही वाचू देणार नाही.

त्या तिसऱ्या दिवसाच्या वहीचं सांगायचं राहिलं. कापडी पुठ्ठा, दोऱ्यानं शिवलेली. पहिली काही पानं मैत्रिणींनी लिहिलेली असत, तू गेलीस, आमची जोडी मोडली, सांभाळून राहा, अशा ओळी. आणि बाकीची पानं मुद्दाम कोरी. नवरीला कधी लिहावंसं वाटलं तर तिनं लिहावं, नाही वाटलं तर पानांच्या मध्ये रेशमाचे दोरे, बुटांवरच्या नक्षीचे कागद ठेवावेत. त्यातल्या काही वह्या संग्रहालयांत आहेत, फोटोत बघितल्या मी. एका पानावर नीट ओळी, आणि पुढं पान, पान, पान, कोरं. लिहिणारीनं जागा अडवलेली नाही.

मागच्या महिन्यात मी लक्ष्मी रोडवरून खणाचं कापड आणलं आणि तसली एक वही शिवली. शिवण माझी वाकडीतिकडी आहे, ती बघून ओळखेल. पहिल्या तीन पानांवर लिहिलं. वाड्यातला तो जिना आता पाडलाय ते लिहिलं, आईचं आजारपण लिहिलं, रात्री मला झोप लागत नाही ते लिहिलं, हे मी कुणालाच बोलले नव्हते. तिच्या नवऱ्याबद्दल, घराबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. काय करायला हवं ते कुठंच लिहिलं नाही, दोनदा लिहिलं गेलं तेव्हा पान फाडून नवीन घातलं. शेवटी इतकंच लिहिलं की रविवारी रात्री नऊनंतर मी घरीच असते आणि फोन माझ्याजवळच असतो.

बाकीची पानं कोरी ठेवली आणि ब्लाउजच्या कटिंगचा एक जुना कागद, तिच्याच अक्षरात मापं लिहिलेला, मध्ये ठेवला. मंगळवारी पार्सल पोचल्याचा कुरियरचा मेसेज आला. उद्या रविवार आहे.